परिचारिकेची माहिती-तंत्रज्ञानातील क्षमता परीक्षेत तपासावी की वॉर्डात?

नर्सिंग ट्यूटर, परळ

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात, दुसऱ्या सत्रात, आरोग्य माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय आणला. मात्र लॉगिन कसे करावे आणि कोणत्या रकान्यात काय भरावे एवढेच शिकवून झाले की हा विषय संपला, असे मानण्याकडे कल दिसतो.

माझ्या मते खरी क्षमता त्या पुढे सुरू होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये अद्ययावत केलेली ‘न्यूज-२’ ही, रुग्णाची प्रकृती बिघडत असल्याचे वेळीच ओळखण्याची गुणपद्धती घ्या. तीत श्वसनाचा वेग मिनिटाला १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर दोन आणि २५ किंवा अधिक असेल तर तीन गुण मिळतात. एकाच घटकात तीन गुण मिळाले तरी रुग्णाला तातडीने तपासावे लागते. आता मिनिटाला २६ श्वास घेणाऱ्या रुग्णासमोर घड्याळ धरून न मोजता कोणी सवयीने ‘२०’ लिहिले, तर संगणक मुकाट्याने शून्य गुण देईल आणि इशारा उमटणारच नाही. म्हणून या विषयाची परीक्षा संगणक कक्षात न घेता रुग्णाच्या खाटेपाशी घ्यावी, असे मी सुचवते.

इन्चार्ज सिस्टर, महापालिका रुग्णालय

श्वसन मोजायला पूर्ण मिनिट लागतो, आणि वेळेच्या या हिशेबाबद्दल वरील लेखनात एक अक्षरही नाही. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा परिषदेचाच निकष आहे. तो रात्रपाळीत कुठे पाळला जातो, हे परळ, शीव, मुंबई सेंट्रल कुठेही जाऊन पाहावे. त्यात केसपेपरवर एकदा आणि संगणकावर पुन्हा अशी दुहेरी नोंद करावी लागते. नवी क्षमता मागण्याआधी काम करणारे हात वाढवा. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा सेवा कागदावरच चालवाव्या लागल्या, हे विसरून चालणार नाही.

नर्सिंग ट्यूटर, परळ

एम्सचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. यंत्रणा बंद पडल्यावर औषधांचा तक्ता कागदावर कसा चालवायचा आणि ती सुरू झाल्यावर मधल्या नोंदी वेळेसह कशा भरायच्या, हे ज्या परिचारिकेला येते ती सक्षम. मनुष्यबळाची मागणी रास्तच आहे, पण ती पूर्ण होईपर्यंत शिक्षण थांबवणे मला मान्य नाही.

स्टाफ नर्स, खासगी रुग्णालय, अंधेरी

दोघींच्या मांडणीत एक मुद्दा राहिला. घाईच्या वेळी एकीच्या लॉगिनवर तिघी नोंदी करतात, हे अनेक ठिकाणी सर्रास चालते. औषध चुकले तर नोंदीत नाव एकीचेच निघते, आणि तिने त्या रुग्णाला हातही लावलेला नसतो. औषध देण्याआधी रुग्णाच्या मनगटपट्टीवरचा बारकोड स्कॅन करायचा असतो, त्याचेही तसेच: पट्टीची सुटी प्रत टेबलावर ठेवून स्कॅन केली, तर योग्य रुग्णाची खात्री झाल्याचा केवळ आभास निर्माण होतो. हा शिस्तीचा प्रश्न आहेच, पण एका वॉर्डात एकच स्कॅनर ठेवणाऱ्या व्यवस्थापनाने शिस्तीचे धडे द्यावेत, हे जरा जास्तच झाले.

इन्चार्ज सिस्टर, महापालिका रुग्णालय

याच्याशी पूर्ण सहमत. सॉफ्टवेअर ठरवताना डॉक्टर बसतात, लेखा विभाग बसतो, कंपनीचे लोक बसतात. दिवसभर त्यात नोंदी करणारी परिचारिका मात्र प्रशिक्षणाच्या दिवशी पहिल्यांदा ते पाहते. तेही बहुधा ड्युटी संपल्यावर, लोकलची वेळ सांभाळत.

नर्सिंग ट्यूटर, परळ

मग अभ्यासक्रमात हेही हवे: आपल्या कामाचा क्रम मांडून ‘हा रकाना इथे नको’ असे कारणांसह सांगता येणे. नव्या मुलींना हे शिकवता येईल आणि पंचवीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका घेतलेल्या) सिस्टर ते अधिक चांगले करतील. टंकलेखन हळू होते एवढ्यावरून त्यांना अक्षम ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

इन्चार्ज सिस्टर, महापालिका रुग्णालय

खाटेपाशी परीक्षा घ्यायला माझी हरकत राहिलेली नाही. पण ती ड्युटीच्या वेळेत घ्यावी, त्या पाळीसाठी बदली परिचारिका द्यावी आणि ज्या दिवशी संगणकीय नोंद सक्तीची होईल त्याच दिवशी कागदावरची दुसरी नोंद लेखी आदेशाने बंद करावी. या तीन अटींवाचून माझा विरोध कायम आहे.