टॉर्च मारून तिरळेपणा मोजतात तो कसा? ३० प्रिझम म्हणजे काय?

ओवीची_आई: मुलगी अडीच वर्षांची आहे, दमली की उजवा डोळा नाकाकडे वळतो असं मला वाटतं पण सासूबाई म्हणतात नाक बसकं आहे म्हणून तसं दिसतं, मोठी झाली की जाईल. काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी टॉर्च मारला, मग एक डोळा झाकून काचेची जाड पट्टी धरून वरखाली सरकवली आणि कागदावर ३० प्रिझम लिहिलं. गर्दी एवढी होती की विचारताच आलं नाही. हे ३० म्हणजे अंश का? घरी काही बघता येईल का?

चष्मेवाला_ऑप्टोम: ताई, अंश नाही. एक मीटरवर प्रकाश १ सेंटीमीटर सरकवणारी काच म्हणजे १ प्रिझम, त्यामुळे ३० म्हणजे साधारण १७ अंश होतात. टॉर्चची टेस्ट हिर्शबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांची, शंभर वर्षांहून जुनी. बुबुळावर टॉर्चचा ठिपका चमकतो तो दोन्ही डोळ्यांत एकाच जागी हवा, डोळा आत वळला असेल तर त्या डोळ्यातला ठिपका कानाच्या बाजूला सरकतो. १ मिलिमीटर सरकला की अंदाजे ७ अंश, बाहुलीच्या कडेवर आला की १५, बुबुळाच्या कडेला गेला की ४५. पण हा अंदाजच. खरं माप झाकून बघण्यात आहे, हात एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेला की उघडा झालेला डोळा नजर जुळवायला हलतो, मग प्रिझम वाढवत जायचं आणि ज्या नंबरला ती हालचाल थांबते तोच आकडा. त्या वेळी मुलाला टॉर्च नाही, बारीक चित्र दाखवायचं, कारण नुसत्या उजेडाकडे बघताना डोळा नीट फोकस करत नाही आणि आत वळणारा डोळा कमी वळलेला दिसतो. जवळचं आणि ६ मीटरवरचं माप वेगळं येऊ शकतं म्हणून दोन्ही घेतात.

नाशिककर_बाबा: आमच्या धाकट्याला खरंच नुसता भास होता, डॉक्टरांनी नाकाजवळची कातडी हलकेच चिमटीत धरून दाखवलं, डोळे लगेच सरळ दिसायला लागले आणि ठिपके तर आधीपासून मधोमधच होते. मोबाईलचा फ्लॅश लावून समोरून, मान सरळ ठेवून फोटो काढा, ठिपका त्यातही दिसतो.

ओवीची_आई: सकाळच्या फोटोत दोन्ही ठिपके सारखे आले, रात्री पेंगुळलेली असतानाच्या फोटोत उजवा बाहेरच्या कडेला आहे. मग सकाळचा खरा धरू का?

चष्मेवाला_ऑप्टोम: दोन्ही खरे, तिचा डोळा अधूनमधून वळतोय आणि बसक्या नाकामुळे ठिपका सरकत नाही, सासूबाईंना रात्रीचा फोटो दाखवा. दोन्ही फोटो डॉक्टरांकडे न्या. बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर तपासला नसेल तर तो तपासून घ्या, प्लस नंबर असला तर कधी नुसत्या चष्म्यानेच डोळा सरळ होतो. चष्मा लागला तर पुढचं माप चष्मा घालूनच घ्यायला सांगा. आणि फोटोत कधी बाहुली पांढरी चमकली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दाखवा.