वेम्बीला डंकनच्या मापाने मोजू नका

फळीवाला

आधी मुद्दा सांगतो, मग काय धुवायचं ते धुवा. सॅन अँटोनिओ स्पर्स या बास्केटबॉल संघाच्या व्हिक्टर वेम्बान्यामाचे (आपला वेम्बी) एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, दोन हंगाम झाले, तिसरा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू होईल, आणि आमच्या ग्रुपवर रोज तेच दळण: ‘टिम डंकनने दुसऱ्याच वर्षी विजेतेपद आणलं होतं, याने काय आणलं?’ माझं म्हणणं, डंकनचं माप या पोराला लावूच नका. लावायचंच असेल तर डंकनसारखाच स्पर्सचा जुना मोठा खेळाडू, डेव्हिड रॉबिन्सन, त्याचं लावा.

१९९६-९७ आठवा. रॉबिन्सन आधी पाठीने आणि मग पायाने गेला, सगळ्या हंगामात जेमतेम ६ सामने खेळला. स्पर्स २० जिंकले, ६२ हरले. त्या दळभद्री वर्षाच्या कृपेने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला नंबर लागला आणि डंकन मिळाला. पुढच्या हंगामात ५६ विजय. लोक म्हणाले, पोराने संघ ३६ सामन्यांनी वर उचलला. अहो, पण रॉबिन्सन बरा होऊन परत आला होता की! १९९५चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्या वर्षी दोघांचीही सरासरी २१ गुणांच्या आसपास. डंकन घरात आला तेव्हा चूल पेटलेली होती, त्याने फक्त भाकरी टाकली. (फार चांगली टाकली, मान्य.)

वेम्बी आला तेव्हा ना चूल, ना सरपण. आणि त्याचा खेळही रॉबिन्सनच्याच जातीचा आहे. पहिल्या हंगामात दर सामन्याला रॉबिन्सन २४.३ गुण, १२ रिबाउंड (चुकलेला बॉल पकडणं), ३.९ ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं). वेम्बी २१.४, १०.६, ३.६. दोघेही भलते उंच, पण पळतात गार्डसारखे, म्हणजे छोट्या चपळ खेळाडूंसारखे. डंकन कधी असा पळाला? त्याला पळायची गरजच नव्हती.

हुकशॉट

फळीवाले, तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. रॉबिन्सनचं माप लावायचं ना? चला लावू. १९८८-८९ मध्ये स्पर्स २१-६१ (जिंकले-हरले). रॉबिन्सन आला, ५६-२६. एका वर्षात ३५ विजय जास्त, तेव्हाचा विक्रम. आता वेम्बी. तो यायच्या आधीच्या हंगामात स्पर्स २२-६०. तो आल्यावर? २२-६०. एकाचाही फरक नाही. मधे सलग १८ सामने हरले ते वेगळंच. दुसऱ्या वर्षी ३४-४८. प्लेऑफ (बाद फेरी) अजून पाहिलेलं नाही.

डंकनच्या मापात बसत नाही म्हणून रॉबिन्सनचं काढलंत, तर त्यात तो आणखी सैल बसला.

फळीवाला

हुकशॉट, या ३५ विजयांचा हिशेब अर्धाच सांगता तुम्ही. त्याच उन्हाळ्यात टेरी कमिंग्ज ट्रेडमधून (खेळाडूंच्या अदलाबदलीत) आला, शॉन एलियट ड्राफ्टमधून आला, हंगाम चालू असताना रॉड स्ट्रिकलंड आला. म्हणजे सगळं घरच नव्याने बांधलं होतं. वेम्बीच्या पहिल्या वर्षी काय केलं? जेरेमी सोहान हा फॉरवर्ड, त्याला पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन वाटणारा, करून पाहिला! २.२४ मीटर उंचीचा पोरगा रिंगजवळ हात वर करून उभा आहे आणि त्याच्यापर्यंत बॉल पोचवायला माणूस नाही. मी पहाटे उठून हे बघायचो. बायको विचारायची, तू रडतोयस का.

पीटीचे सर

एक गोष्ट कुणीच बोलत नाही, ती म्हणजे वय.

रॉबिन्सन १९८७ला ड्राफ्ट झाला, पण नौदलाची दोन वर्षांची नोकरी आटपून आला. पहिला सामना खेळला तेव्हा २४ वर्षांचा होता. डंकन वेक फॉरेस्टला चारही वर्षं कॉलेज खेळून २१व्या वर्षी आला. वेम्बान्यामा १९व्या वर्षी. आज तो २१ वर्षांचा आहे, म्हणजे डंकनने जिथे सुरुवात केली तिथे हा दोन हंगाम, एक बिनविरोध ‘रूकी ऑफ द इयर’ (सर्वोत्तम नवखा), एक ऑल-स्टार आणि पॅरिस ऑलिम्पिकचं रौप्य घेऊन उभा आहे. अमेरिकेविरुद्धच्या त्या फायनलमध्ये २६ गुण होते त्याचे.

मी शाळेत सतरा वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवलं. नववीतल्या उंच मुलाला बारावीतल्या मुलाच्या मापाने ओरडलो की तो पाठीला पोक काढून चालायला लागतो. या चुका मी केल्यात म्हणून सांगतो.

लेअपवाली

सर, वयाचं पटलं. पण मला उलट बाजू मांडायची आहे, कारण मी कॉलेजला सेंटर खेळले आणि डंकन हा माझा देव आहे.

डंकनचा तो डावीकडचा शॉट आठवा. रिंगपासून दहा-बारा फुटांवर, ४५ अंशांत बॉल घ्यायचा, तोंड रिंगकडे, एक छोटा झटका, आणि बॉल फळीवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला लागून आत. आवाज म्हणजे फळीचा एक ठक्क, बस. समोरच्याला माहीत असायचं काय येणार आहे, तरी थांबवता यायचं नाही. मी कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर तो कोपरा शोधण्यात दोन वर्षं घालवली. आमच्या फळीला मधोमध चीर होती, त्यामुळे उजवीकडून बसायचा, डावीकडून नाही!

आता वेम्बी. गेल्या हंगामात दर सामन्याला ८.८ वेळा तीनच्या रेषेबाहेरून (जिथून बास्केटला तीन गुण मिळतात) फेकत होता, आत जात होते ३५ टक्के. डंकनने १९ हंगामांत मिळून तीनवाले ३० बास्केट केले. हा तेवढे दहा सामन्यांत करतो. ज्याला रिंगखाली कोणी अडवू शकत नाही तो बाहेर उभा राहून फेकतोय. पन्नास मजली इमारतीत राहून तळमजल्याच्या खिडकीतून समुद्र शोधण्यातला प्रकार. हे कसब आहे, पण शहाणपण आहे का? डंकनशी तुलना गुणांवर होतच नाही, ती या शहाणपणावर होते.

हुकशॉट

लेअपवाली, टाळ्या.

रात्रपाळी

काळ बदललाय हो ताई. डंकन आज २१चा असता तर त्यालाही त्याचा कोच पॉपोविचनेच बाहेर उभं केलं असतं.

आणि हे ‘नवा डंकन, नवा रॉबिन्सन’ प्रकरण आपल्याला नवीन आहे का? मुंबईच्या मैदानावर शाळकरी पोराने मोठा स्कोअर केला की दुसऱ्या दिवशी तो ‘पुढचा सचिन’. सचिन स्वतः आधी ‘पुढचा गावसकर’ होता! किती पोरं त्या एका शब्दाखाली चिरडली.

टेक्सासकर

मी ऑस्टिनजवळ राहतो, सॅन अँटोनिओ गाडीने दीड तास. दोन्ही बाजूंना थोडं चिडवतो.

डिसेंबरात फ्रॉस्ट बँक सेंटरला (स्पर्सच्या मैदानावर) मुलाला घेऊन गेलो होतो, खालून नवव्या रांगेत. एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही. समोरच्या संघाचा गार्ड आपल्या माणसाला चुकवून आत घुसला, रिंग दोन पावलांवर, मधे कोणी नाही. वेम्बी पलीकडच्या कोपऱ्यात, त्याचं लक्ष दुसऱ्याच माणसाकडे. गार्डने बॉल उचलला, एकदा तिकडे बघितलं, आणि सोपा ले-अप सोडून बॉल बाहेर कोपऱ्यात फेकून दिला. तो शॉट चुकला. कागदावर काय नोंद झाली? काहीच नाही. ब्लॉक नाही, स्टील नाही. मुलगा म्हणाला, ‘बाबा, त्याने का नाही मारला?’ आमच्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते, अंगात डंकनची २१ नंबरची जर्सी, धुऊन धुऊन राखाडी झालेली. ते हसत म्हणाले, त्याला तिकडच्या कोपऱ्यातला हात दिसला.

रॉबिन्सन आणि डंकन दोघांची भीती रिंगखाली होती. याची अख्ख्या अर्ध्या कोर्टभर आहे. त्यामुळे फळीवाले, तुमचा रॉबिन्सनही मला पूर्ण पटत नाही. आणि हुकशॉट, २२-६०चं रडगाणं मी तीन हंगाम ऐकतोय, पण त्या पहिल्याच वर्षी पहिल्या ऑल-डिफेन्सिव्ह संघात (लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या यादीत) आलेला तो इतिहासातला पहिला रूकी आहे. हे ना रॉबिन्सनला जमलं, ना डंकनला.

हुकशॉट

टेक्सासकर, तीन नाही, दोन हंगाम झालेत. तुम्ही तिकडे राहून मोजणी विसरलात.

बरं, भीतीचं मान्य. पण भीती घालायला माणूस कोर्टवर लागतो ना? डंकन पहिल्या हंगामात ८२ पैकी ८२ खेळला. दुसऱ्या वर्षी लॉकआउटमुळे (मालक-खेळाडूंच्या वादामुळे) ५०च सामने होते, ५० पैकी ५० खेळला आणि शेवटी न्यूयॉर्क निक्सला ४-१ हरवून फायनलचा एमव्हीपी. एकूण १३२ पैकी १३२. वेम्बी ७१ आणि ४६. १६४ पैकी ११७.

खांद्यात रक्ताची गुठळी झाली हा त्याचा दोष नाही, हे मलाही कळतं. फेब्रुवारीत ती बातमी आली तेव्हा मलाही धस्स झालं. पण इतिहास दोष विचारत नाही, हजेरी विचारतो. १९ वर्षं, पाच विजेतेपदं. त्या माणसाची थोरवी त्या ब्लॉकात नाही, रोज डबा घेऊन वेळेवर कामावर जाण्यात आहे.

फळीवाला

हुकशॉट, हजेरीचा मुद्दा मी गिळला. याला उत्तर नाही माझ्याकडे. उलट रॉबिन्सनचाही पहिला हंगाम ८२ पैकी ८२ होता, म्हणजे माझ्याही मापात तो तिथे कमी पडतो.

पण ‘डबा घेऊन कामावर’ म्हणता ना, तो डबा कोणी भरला ते बघा. २००३ची फायनल, नेट्सविरुद्ध सहावा सामना: डंकन २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक. असा सामना मी पुन्हा पाहिलेला नाही. त्याच रात्री रॉबिन्सनही मैदानात होता, ३७ वर्षांचा, पाठीने जर्जर, कारकिर्दीतला शेवटचा सामना. त्याच्यापाशी १३ गुण, १७ रिबाउंड. आधीची सहा वर्षं तो हळूहळू बाजूला सरकत गेला, चेंडू डंकनच्या हातात देत गेला, कुरकुर न करता. एमव्हीपी झालेला माणूस! हे माप कुठल्या रकान्यात लिहायचं?

म्हणून मला वेम्बीच्या बाबतीत ‘हा कोणासारखा’ यापेक्षा ‘याच्या शेजारी कोण’ हे बघावंसं वाटतं. फॉक्स आलाय, कॅसल गेल्या वर्षीचा रूकी ऑफ द इयर, आता ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर घेतलेला डिलन हार्पर. पहिल्यांदाच याच्या स्वयंपाकघरात भांडी दिसतायत.

लेअपवाली

फळीवाले, चूल, भाकरी, डबा, भांडी. तुम्हाला भूक लागलीये.

फळीवाला

😀 लागलीच आहे.

पीटीचे सर

एक गंमत. या उन्हाळ्यात वेम्बी पोस्टमधला (रिंगजवळ पाठ लावून खेळायचा) खेळ शिकायला कोणाकडे गेला? हकीम ओलाजुवानकडे, ह्यूस्टनला. हा तोच हकीम, ज्याने १९९५च्या वेस्ट फायनलमध्ये (पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत) रॉबिन्सनला, ज्या वर्षी रॉबिन्सन एमव्हीपी होता त्याच वर्षी, सरासरी ३५ गुणांनी सोलून काढलं होतं. स्पर्स ४-२ हरले. सॅन अँटोनिओच्या जुन्या लोकांना ती सिरीज अजून बोचते. आणि त्यांचा नातू त्याच वस्तादाकडे तालमीला.

लेअपवाली, तुमच्या तीनच्या रेषेबद्दलच्या तक्रारीवर त्या पोराने बहुतेक स्वतःच विचार केलेला दिसतो.

लेअपवाली

सर, हे माहीत नव्हतं. पोस्टमध्ये पाठ लावून खेळताना दिसला तर मी माझे शब्द मागे घेईन. पन्नास मजल्यांसकट. पण फळीवरून एक तरी मारावा त्याने, माझ्यासाठी.

रात्रपाळी

पहिला सामना डॅलसला आहे, आपल्याकडे २३ ऑक्टोबरची सकाळ. भाऊबीज. बहिणीला सांगून ठेवा, ओवाळणी सामना संपल्यावर.

हुकशॉट

मी बघणार. ८२ पैकी १ मोजून ठेवतो.