अनुभव धागा: संख्याशास्त्रातील नोकरीसाठी आपण कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकलात?

संख्याशास्त्र शिकणारी मुले आर शिकावी, पायथन की सॅस, असे वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करते.

मी महाविद्यालयात आर शिकवते. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी ती आपल्याच विषयासाठी घडवली, आणि ती विनामूल्य असल्याने विद्यार्थ्याला घरीही सराव करता येतो. मात्र पुस्तकातल्या तयार उदाहरणांवर हात बसत नाही, असे माझे ठाम मत आहे. मी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या कच्च्या फायली देते. त्यांत एकेका ओळीत नुसते सलग अंक असतात; कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंत कोणती माहिती आहे, हे सोबतच्या आराखड्यावरून ठरवून ओळ तोडावी लागते. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाला दिलेला भार (ते कुटुंब एकूण किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते तो आकडा) लावला, की साधी सरासरी आणि भारित सरासरी यांत किती अंतर पडते ते मुले स्वतः पाहतात, आणि नमुना निवडीचा वर्गात शिकलेला भाग तेव्हा त्यांना खऱ्या अर्थाने कळतो.

औषध चाचण्यांचे विश्लेषण

आमच्या क्षेत्रात आजही सॅसला मोठी मागणी आहे. नवोदितांना एक गोष्ट आवर्जून सांगतो: सॅसमध्ये नोंद नसलेली संख्या ही कोणत्याही संख्येपेक्षा लहान धरली जाते. त्यामुळे ‘वय अठराहून कमी’ एवढीच अट घातली, तर ज्यांचे वयच नोंदलेले नाही असे रुग्णही त्या गटात येतात, आणि प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता पूर्ण होतो. आरमध्ये याच तुलनेचे उत्तर ‘माहीत नाही’ असे येते, तर एसक्यूएल (साठवलेल्या तक्त्यांतून माहिती काढण्याची भाषा) अशा ओळी निवडतच नाही. म्हणून दुसरी भाषा शिकताना मी सर्वांत आधी तिथे नोंद नसलेल्या आकड्याचे काय होते, ते तपासतो.

बँकेतील विश्लेषण

एसक्यूएल टाळू नका. आमच्याकडे मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न त्यावरच असतात. ग्राहकांचा तक्ता व्यवहारांच्या तक्त्याशी जोडला, की एका ग्राहकाच्या जितके व्यवहार तितक्या ओळी होतात, आणि मग ग्राहकाच्या शिलकीची बेरीज कित्येक पटींनी फुगते. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजणे, हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवते.

आरनंतर पायथन

पायथन मी नोकरी लागल्यावर शिकलो. भाषा सोपी वाटली, पण सूत्रे हाताने पडताळणे सोडले नाही. त्याच आकड्यांचे प्रमाण विचलन नमपाय आणि पांडाज ही पायथनमधील दोन तयार साधने वेगवेगळे देतात, कारण काही वेगळे सांगितले नाही तर नमपाय एन ने, म्हणजे एकूण आकड्यांच्या संख्येने, भागते आणि पांडाज एन वजा एक ने. आरमध्येही भाजक एन वजा एक असतो. नमुना लहान असेल तर हा फरक ठळक दिसतो, म्हणून अहवालात भाजक कोणता घेतला ते मी नेहमी लिहितो.