विषय: स्मरणिकेतला आज्जी-आजोबांचा फोटो

मंडळी, नमस्कार.
गणपतीच्या स्मरणिकेत यंदा जुन्या कोल्हापूरची पानं आहेत. त्यासाठी आमच्या आज्जी-आजोबांचा 1962 चा फोटो काढून ठेवलाय. महाद्वार रोडच्या स्टुडिओतला, मागं जिना-कुंड्या रंगवलेला पडदा. आजोबांना फेटा, आज्जीला नऊवारी आणि पायात कोल्हापुरी नव्हे, चक्क बूट. परवा तोच फोटो फेसबुकच्या एका पेजवर दिसला, वर पेजचं नाव छापून. काढा म्हटलं तर उत्तर, "जुना फोटो सगळ्यांचाच असतो." आता छापायला त्यांना विचारायचं की काय?
— शिवाजी पेठेतली नात

ताई, त्यांना कशाला विचारताय?
पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला फोटो असेल आणि वेगळा करार नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे आजोबांचा, फोटोग्राफरचा नव्हे. त्यांच्यामागं वारसांचा, आणि वारसांत लेकीही आल्या. आत्याला एक फोन टाका. तेच काकांनी हौसेनं पन्हाळ्यावर स्वतःच्या कॅमेऱ्यात टिपलेलं असतं, तर हक्क काकांचा, फोटोत कुणी का असेना.

"जुना म्हणजे सगळ्यांचा" हे त्या पेजवाल्यानं ठोकून दिलंय. पूर्वी फोटोची मुदत प्रकाशनापासून 60 वर्षं होती, आणि तुमचा फोटो तर भिंतीवरच होता, प्रकाशित कुठं झालेला? 2012 च्या दुरुस्तीनं मुदतीचं ते कलमच गेलं; आता फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. नुसतं स्कॅन करून कोपऱ्यात नाव चिकटवलं म्हणून काही मालकी येत नाही. फेसबुकवर कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म असतो, तो भरा. फक्त तो फोटो आधी घरातूनच कुणी व्हॉट्सॲपवर फिरवलाय का ते बघा, बहुतेक वेळा वाट तिथूनच फुटते.

पीडीएफ मंडळाच्या साइटवर चढवणार असाल तर बाहेरच्या देशांचाही कायदा लागू शकतो, मुदत देशागणिक वेगळी. आणि फोटोच्या मागं काय लिहिलंय?
— राजारामपुरी, नववी गल्ली

दादा, मागं स्टुडिओचा शिक्का, खाली पेन्सिलीनं "प्रती 3, पैसे पोचले". फॉर्म भरला. व्हॉट्सॲपचं बरोबर निघालं, चुलतभावानं शाळेच्या ग्रुपवर टाकला होता. आत्या खुशाल छापा म्हणाली, पण फोटोखाली आज्जीचं माहेर कागल असं आलंच पाहिजे. संपादकांनी नोंद घ्यावी.