घोडी मागचा पाय देत नाही, नालबंदी १५ दिवसांवर

कासारवडवली_तबेला
काठेवाडी घोडी, वय ५. पुढचे पाय निमूट देते. मागचा उजवा उचलला की दहा सेकंदांत झटका देऊन ओढून घेते, डावा त्यामानाने बरा. मागच्या खेपेला नालबंदाने कान पिळला, पाय दोराने खांबाला बांधला आणि घोडी लादीवर घसरून बसली. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही. १५ दिवसांत काय तयारी करता येईल?

नालबंद_कळवा
एकच पाय अडतो म्हणजे आधी दुखणं शोधा. उजवा उचलला की मागचा भार डाव्यावर जातो, त्यामुळे दुखणं दुमडलेल्या उजव्या सांध्यात असेल किंवा भार घेणाऱ्या डाव्या पायातही असेल. दोन्ही खुरांना हात लावून गरमपणा पाहा. पावसाळ्यात आपल्याकडे तबेला ओला राहतो, तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचा कुजतात. काळा, घाण वासाचा चिकटा दिसला तर तेच कारण असू शकतं. डॉक्टरांनी पाहून दुखणं नाही म्हटलं की मगच सवय लावा.

रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. खांद्यापासून सुरुवात करा, हात अंगावरून न उचलता पुठ्ठ्यावर (पाठीमागच्या मांसल भागावर), तिथून मांडीवरून खाली न्या. पाय उचलला की दोन सेकंद धरा आणि ती ओढायच्या आत स्वतः खाली ठेवा. सगळं गणित इथेच आहे. झटका दिल्यावर सोडलात तर झटका दिला की सुटका होते, हेच ती शिकते. झटका दिलाच तर पायाबरोबर हात जाऊ द्या, थोडी शांत झाली की पुन्हा उचला. हळूहळू एक मिनिटापर्यंत जा, मग हातोडीच्या दांड्याने खुरावर हलके ठोके द्या.

नालबंदालाही सांगा, मागचा पाय बाहेर किंवा फार वर ओढू नको. पोटाच्या रेषेतच, खाली धरला की ती तोल सांभाळते. आणि पाय आपटून सोडायचा नाही.

पशुवैद्य_वाशी
कान पिळणं पूर्ण बंद करा. त्याने घोडं शांत होत नाही, फक्त घाबरतं, आणि पुढे लगाम घालतानाही डोकं वर करतं. वरच्या ओठाची मुरकी (ओठ दोरीच्या फासात पिळून धरणं) हा शेवटचा उपाय, तोही पाच मिनिटांपुरता, जाणत्या माणसाच्या हातात. पाय खांबाला बांधणं तर सगळ्यात वाईट. पडलं तर पाय सोडवायला वेळच मिळत नाही.

शामक द्यायचं ठरलं तर डॉक्टरांनीच द्यावं, आणि इंजेक्शननंतर तिला शांत उभं राहू द्यावं, लगेच पायाला हात लावू नये. पूर्ण जागी होईपर्यंत चारा नाही, नाहीतर घशात अडकतो. झोपाळलेलं घोडंही अचानक लाथ मारतं, त्यामुळे ढिलाई नको.

धनुर्वाताची लस झाली आहे का पाहून ठेवा, घोड्यांना तो फार लवकर बाधतो.

नालबंद_कळवा
दिवसाची मांडणीही सांगतो. सकाळी लवकर, उन्हाच्या आणि रस्त्यावरच्या हॉर्नच्या आधी. ओली लादी नको, रबरी चटई किंवा कोरडी माती. माशा असतील तर पंखा लावा. त्या चावल्या की पाय आपटणारच, तो हट्ट समजू नका. ओळखीचं शांत घोडं शेजारी उभं करा.

बांधू नका, मोरखीचा (तोंडावर बांधलेल्या पट्ट्याचा) दोर माणसाच्या हातात ठेवा, हाताला गुंडाळू नका. धरणारा नालबंदाच्याच बाजूला, खांद्याजवळ उभा राहील, समोर नाही. घोडी बिथरली की तोंड आपल्याकडे ओढायचं, म्हणजे पुठ्ठा दोघांपासून लांब जातो. विरुद्ध बाजूला उभा राहिला तर तोच पुठ्ठा नालबंदावर येतो.

खिळा खुराच्या भिंतीतून (बाहेरच्या कडक कवचातून) बाहेर आला की टोक लगेच हातोडीच्या फाट्याने मोडा. टोक उघडं असताना तिने पाय ओढला तर नालबंदाची मांडी फाटते. खुराच्या चांगल्या शिंगात, म्हणजे त्या कडक, निर्जीव भागात, खिळा खणखणीत वाजतो. आवाज बोथट झाला किंवा ती दचकली तर तो पांढऱ्या रेषेच्या (भिंत आणि तळवा जुळतात तिथल्या) आत, जिवंत भागात गेला असण्याची शक्यता आहे. लगेच काढा, आयोडीन लावा, त्या भोकात पुन्हा खिळा नको.

कासारवडवली_तबेला
लादीवर चटई आजच टाकतो. डॉक्टर परवा येतील. १५ दिवसांत ती तयार झाली नाही तर?

नालबंद_कळवा
मग चारही पायांचा हट्ट नको. नाली ढिल्या नसतील तर पुढचे दोन करा, मागचे आठवड्याने. साधारण सहा ते आठ आठवड्यांची फेरी एक आठवडा लांबली तर चालते. नाल ढिली असेल तर मात्र थांबू नका, तेवढी जंबुराने (नालबंदाच्या पकडीने) एकेक खिळा सुटा करत काढा. एकदम ओढली तर खुराची भिंत फुटते.