उ: खडपात गरवताना घ्यायची काळजी

वर कुणीतरी लिहिलंय की ओहोटी बघून गरवायला (गळाने मासे धरायला) गेलं की खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळात, धोका नाही. अर्धं बरोबर आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा जुना हिशोब लावून बघा: पौर्णिमेला (तिथी पंधरावी) भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. आपण गरवायला जातो नेमके तेव्हाच! पाणी लांबवर आटलेलं असतं, म्हणून शेवटच्या कातळापर्यंत जातो. पण भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सगळ्यात जोरात चढते तिसऱ्या-चौथ्या तासात, म्हणजे सात ते नऊ, अंधारात. तोवर मागची घळ भरून परतीची वाट बंद झालेली असते. त्यामुळे पुढे काय लागतंय यापेक्षा मागे पाणी कुठे आलंय ते बघत राहा.

दुसरं, वारा नाही म्हणून लाटा नाहीत असं नसतं. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाच्या लाटा स्वच्छ उन्हातही इथवर येतात. हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) इशारा निघण्याआधी पाहावा. कातळावर पोचल्यावरही पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. मोठ्या लाटा मधूनच येतात. कातळ ओला दिसला तर तिथे लाट पोचतेय, एवढं समजून घ्या.

कुणी पडलंच तर मागोमाग उडी नको. दोरी बांधलेला रिकामा कॅन फेका. पडलेल्याने लगेच कातळ धरायला जाऊ नये, कालवं सोलून काढतात. लाटेपासून लांब तरंगत राहावं. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. लाइफ जॅकेटला हसणारे हसू देत.