लाईट गेली की थोड्या वेळाने नेटही जातं : डोंगराखालच्या घरासाठी काय करावं?

सुरंगी
नमस्कार मंडळी. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला एका वाडीत. फायबर इथवर आलेलं नाही, 'येणार' एवढंच ऐकतोय. म्हणून सिमवाला ४जी राउटर घेतलाय आणि कौलांच्या वर पाइपाला अँटेना. मी पुण्यातल्या एका ऑफिसचं जीएसटीचं काम घरून करते, त्यामुळे रिटर्न भरायच्या ११ आणि २० तारखेला लाईट गेली की पोटात गोळा येतो. जून-जुलैत फांदी तारेवर पडली की वायरमन येईस्तोवर अख्खा दिवस जातो. इन्व्हर्टर आहे, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आहे, पण तिच्यावर दोन पंखे, दिवे आणि सासऱ्यांचा टीव्ही. शिवाय लाईट जाता-येता राउटर रिस्टार्ट होतो तो ताप वेगळाच. मिनी यूपीएस (राउटरपुरती छोटी बॅटरीची पेटी) घ्यावा की सोलर? बजेट पाच हजार.

खांबावरचा
ताई, पैसे काढण्याआधी एक शोधा. आधी मरतं कोण, तुमचा राउटर की टॉवर? मी नोकरीभर टेलिफोनच्या खांबांवर चढलोय, लोक घरातली पेटी बदलत बसतात आणि दोष दोन डोंगर पलीकडे असतो.

पुढच्या वेळी लाईट गेली की त्याच कंपनीचं सिम असलेला मोबाइल अँटेनाजवळ नेऊन ठेवा आणि वेळ लिहून काढा. राउटर चालू असताना मोबाइलची रेंजच गेली, तर टॉवरची बॅटरी संपली. टॉवरला ४८ व्होल्टचा बॅटरी संच असतो, तो काही तास ओढतो, पुढे जनरेटर असेल आणि त्यात डिझेल असेल तरच. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. दांड्या पूर्ण दिसतात, नेट शून्य. आडबाजूचे टॉवर बरेचदा एकमेकांना मायक्रोवेव्हने, म्हणजे बिनतारी, जोडलेले असतात. तुमचा जिवंत असतो, त्याला पुढे जोडणारा झोपलेला असतो. त्यावर घरात कितीही बॅटऱ्या लावा, काही उपयोग नाही.

राउटरच मरत असेल तर औषध सोपं आहे. रिस्टार्टचं आधी बघा. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. बदली इतकी झटकन होते की राउटरला कळतही नाही. मग राउटर सासऱ्यांच्या टीव्हीपासून वेगळा काढा, त्याला स्वतःची बॅटरी द्या. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असलं तरी असे राउटर प्रत्यक्षात साधारण ५ ते ८ वॅट खातात. बाजारातल्या छोट्या मिनी यूपीएसमध्ये जेमतेम २२ वॅट-तास असतात, म्हणजे तीन-चार तासांत खेळ खलास. ७ एएचची शिशाची बॅटरी अर्धीच वापरायची असते, तिच्यावर सहाएक तास. १२ एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर १५०च्या वर वॅट-तास, रात्र सहज निघते. चार्जर त्याच जातीच्या बॅटरीचा हवा. चार्ज होताना व्होल्टेज १४च्या वर जातं, म्हणून बॅटरी आणि राउटरच्या मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर टाका. आणि बॅटरीच्या प्लसपाशीच ३ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज विसरायचा नाही.

कातळवाट
आमच्याकडे मंडणगडला ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर लाईट यायला आठवडे लागले. टॉवरला जनरेटर होता, पण रस्ताभर झाडं आडवी, डिझेल नेणार कोण? तेव्हापासून घरात दोन कंपन्यांची सिमं ठेवतो. पण दोन्ही कंपन्यांचे अँटेने बरेचदा एकाच मनोऱ्यावर असतात हे अनेकांना माहीत नसतं. लाईट गेल्यावर दोन्हींची रेंज एकाच वेळी गेली तर समजून जा. दुसरं सिम दुसऱ्या डोंगरावरच्या मनोऱ्याचं हवं, थोडं हळू चाललं तरी चालेल.

सोलरचं म्हणाल तर उन्हाळ्यात छान. आषाढात १०० वॅटचं पॅनल २० वॅटसुद्धा कुरकुरत देतं.

सुरंगी
दोघांचे आभार! काल दुपारीच लाईट गेली आणि प्रयोग झाला. दोन-अडीच तासांनी स्पीड एकदम बसला, पण रेंज शेवटपर्यंत होती. मेल जात होते, पोर्टल उघडत नव्हतं. म्हणजे टॉवर अर्धमेला?

खांबावरचा
तसंच दिसतंय. बॅटरीवर गेल्यावर बऱ्याच ठिकाणी वरच्या फ्रिक्वेन्सी बंद करून खालची तेवढी चालू ठेवतात. त्यात लाईट नाही म्हटल्यावर अख्खी पंचक्रोशी मोबाइल घेऊन त्याच टॉवरवर बसते. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बँडची, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची, निवड असेल तर २३०० किंवा १८०० मेगाहर्ट्झऐवजी ८५० किंवा ९०० वर अडकवून बघा. स्पीड कमी मिळेल, पण झाडीतून तोच नीट येतो आणि टिकतोही. अँटेना त्या फ्रिक्वेन्सीचा आहे ना हे आधी तपासा, काही स्वस्त अँटेने १७०० च्या खाली निरुपयोगी असतात. त्याच पानावरचा सिग्नलचा आकडा (RSRP) उणे १०० च्या आत, म्हणजे उणे ९५, ९० असा आला तर काम होईल. उणे ११५ असेल तर अँटेना आणखी वर न्या.

आणि हो, अँटेनाच्या पाइपाला अर्थिंग आहे का? आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच अँटेनाची वायर राउटरमधून काढून ठेवायची, ११ तारीख असली तरी.

सुरंगी
अर्थिंग नाही. या रविवारी तेच काम आधी. बॅटरी देवरुखला मिळते का बघते, नाहीतर रत्नागिरी. कन्व्हर्टर किती अँपिअरचा घेऊ?

खांबावरचा
३चा घ्या. १चा तापतो.